३५ एमएम आणि १२० च्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायला कोणता स्कॅनर घ्यावा?

सांगलीच्या बंद पडलेल्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह, काही ३५ एमएम, काही १२० रोलवरच्या (रुंद फिल्म) ६×६ सेंटिमीटरच्या, बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्यातली एक पेटी २०१९ च्या पुरात भिजलेली. एका स्कॅनरवर सगळं भागेल का, असं तुम्ही विचारलंय. १२० चं भागेल. ३५ एमएमसाठी मात्र वेगळी सोय करा असंच मी सांगेन.

खोक्यावरच्या डीपीआयला (दर इंचाला किती ठिपके टिपतो तो आकडा) भुलू नका. एप्सन व्ही६०० या सपाट काचेच्या स्कॅनरवर ६४०० लिहिलेलं असतं, पण खरा तपशील १६०० च्या आसपासच हाती लागतो. ६×६ ची फ्रेम मोजली तर ५६ मिमी भरते. म्हणजे एका बाजूला ३५०० पिक्सेल, त्यातून ११ इंची प्रिंट स्वच्छ निघते. ३५ एमएमला तोच स्कॅनर सुमारे २२७०×१५१० पिक्सेल देतो. ५×७ च्या पुढे गेलात की चेहरे मऊ पडायला लागतात. एप्सनच्याच व्ही८५० चा खरा आकडा २३०० च्या जवळ जातो आणि होल्डरची (फिल्म धरणाऱ्या चौकटीची) उंचीही बदलता येते, पण फक्त १२० साठी एवढा खर्च करायची गरज मला वाटत नाही, व्ही६०० पुरे.

३५ एमएमसाठी प्लस्टेकचा ऑप्टिकफिल्म ८१०० हा फिल्म स्कॅनर बघा. ८२००आय ला जास्तीचे पैसे पडतात ते धूळ काढणाऱ्या इन्फ्रारेडचे, आणि तुमच्या कामात त्याचा उपयोग नाही. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते. सॉफ्टवेअरला ती धूळच वाटते आणि ते चित्रातला तपशीलच पुसून टाकतं. रंगीत निगेटिव्हला हीच सोय उत्तम चालते. ८१०० मध्ये प्रत्येक फ्रेम हाताने सरकवावी लागते, त्यामुळे हजारोंनी निगेटिव्ह असतील आणि घरात डीएसएलआर असेल, तर मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स, स्टँड आणि ९५ च्या वर सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात तो आकडा) असलेलं एलईडी पॅनेल घेऊन निगेटिव्हचे कॅमेऱ्यानेच फोटो काढणं हा मार्ग पुष्कळ वेगवान. निगेटिव्ह पॅनेलपासून चार-पाच सेंटिमीटर वर धरा, म्हणजे पॅनेलवरची धूळ फोटोत येत नाही. एफ/८, आयएसओ १००, खोलीतले दिवे बंद. कॅमेरा समांतर आहे का हे बघायला निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं पाहिजे. हे चुकलं तर एक कोपरा कायम धूसर राहतो.

व्ही६०० चा फोकस ठरलेला असतो, तेव्हा सगळा खेळ होल्डरच्या उंचीचा. होल्डरच्या चारही कोपऱ्यांखाली पोस्टकार्डाचे तुकडे एकेक वाढवत स्कॅन करा आणि शंभर टक्क्यांवर फिल्मचे कण बघा. जिथे ते सगळ्यात टोकदार दिसतील ती उंची कायम ठेवा. चकचकीत बाजू खाली. वरून बघताना फिल्मच्या कडेची अक्षरं उलटी दिसली की बरोबर बसली. थेट काचेवर मात्र फिल्म टेकवू नका, इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात. सेटिंग: १६-बिट ग्रे, २४०० डीपीआय, टिफ फाइल, शार्पनिंग बंद. ६×६ ची एक फाइल ५६ एमबीच्या आसपास होईल. ६४०० वर लावलंत तर फाइल सातपट फुगते, तपशील तेवढाच.

पुरातल्या पेटीची घाई नको. चिकटलेल्या पट्ट्या कोरड्या ओढल्या तर इमल्शन, म्हणजे चित्र असलेला जिलेटिनचा थर, सोलून निघतं. आधी एखादी बिनमहत्त्वाची पट्टी साध्या थंड पाण्यात भिजवून बघा. सुटली तर बाकीच्या तशाच सोडवा, शेवटी डिस्टिल्ड वॉटरमधून काढून चिमट्याला टांगा. बुरशी दिसत असेल तर पाणी लावूच नका, कारण बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. तिथे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड, अगदी हलक्या हाताने.

स्कॅनर जुना घेणार असाल तर निगेटिव्ह न ठेवता फिल्म मोडमध्ये एक स्कॅन करून बघा. उभ्या रेघा आल्या तर झाकणातल्या दिव्याच्या पट्टीवर किंवा तिच्यासमोरच्या काचेवर धूळ आहे. पुसूनही त्या गेल्या नाहीत तर तो घेऊ नका.