सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधी त्यावर कोण लॉगिन आहे, हे कसं बघायचं?

लॅबचा लिनक्स सर्व्हर रीस्टार्ट करायचाय आणि त्याआधी त्यावर कोण कोण लॉगिन आहे हे कोणत्या कमांडने कळेल, असं तुम्ही विचारलंय. टर्मिनलवर इंग्रजी 'डब्ल्यू' (w) हे एकच अक्षर टाइप करा आणि एंटर दाबा. 'हू' (who) ही कमांडही आहे, 1971 च्या पहिल्या युनिक्सपासूनची. पण ती नाव, टर्मिनल, लॉगिनची वेळ आणि कुठून आलाय एवढंच सांगते. 'डब्ल्यू' त्याशिवाय तो माणूस काय चालवतोय तेही दाखवते.

ओळी मोजून माणसं मोजू नका. एकाने तीन टर्मिनल उघडली असतील तर त्याचं नाव तीनदा येतं. 'आयडल'च्या रकान्यावरही विसंबू नका. बटण दाबून किती वेळ झाला तेवढंच तो सांगतो. प्रोग्राम रात्रभर राबत असला तरी तिथे बारा तास दिसू शकतात.

आता कळकळीने सांगतो ते हे. मी एकदा 'डब्ल्यू' चालवली, यादीत माझं एकट्याचंच नाव होतं, म्हणून मशीन रीस्टार्ट केलं. आमच्याकडे पीएचडी करणाऱ्या एका मुलीने तिचा रन 'नोहप' (nohup, लॉगआउट केल्यावरही प्रोग्राम चालू ठेवणारी कमांड) लावून मागे सोडला होता आणि लॉगआउट करून ती घरी गेली होती. तीन दिवसांचं काम गेलं. आणि 'डब्ल्यू'च्या पहिल्याच ओळीत, उजवीकडे, लोडचे, म्हणजे मशीनवर किती काम चालू आहे त्याचे, तीन आकडे होते (गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांची सरासरी), तिन्ही आठच्या आसपास. रिकाम्या मशीनवर आठ कुठून येणार? मी तिकडे पाहिलंच नाही.

या दोन्ही कमांड साधारणपणे 'यूटीएमपी' नावाची फाइल वाचतात. लॉगिन केलं की त्यात नोंद होते, लॉगआउट केलं की नोंद मिटते. मागे चालू राहिलेल्या प्रोग्रामचा त्यात पत्ताच नसतो. म्हणून 'डब्ल्यू'नंतर 'टॉप' (top, चालू प्रोग्राम दाखवणारी कमांड) चालवा आणि 'युझर'चा रकाना वरून खाली नीट वाचा.

मग 'वॉल' (wall) या कमांडने सगळ्यांना संदेश पाठवा. तो फक्त लॉगिन असलेल्यांच्या टर्मिनलवर उमटतो, त्या मुलीला तो पोचलाच नसता. त्यामुळे 'टॉप'मध्ये कुणाचं नाव दिसलं की मी आधी त्यांना फोन लावतो.