‘सून’ आणि तिचा तारांकित पूर्वज

प्रश्न : संस्कृतात ‘सूनु’ म्हणजे मुलगा. मग ‘सून’ त्यावरूनच आली ना? आणि तिचे मूळ भारोपीय (म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी, रशियन अशा भाषांच्या सामाईक पूर्वजभाषेतले) रूप ‘*स्नुसोस्’ असे तारा घालून देतात, ते कशावरून ठरले?

उत्तर : ‘सूनु’शी असलेले साम्य वरवरचे आहे. ‘सून’ आली ‘स्नुषा’पासून. पालीत ‘सुणिसा’, ‘सुण्हा’ ही रूपे आहेत. ‘सुण्हा’तले जोडाक्षर मराठीत सुटले आणि आधीचा उकार दीर्घ झाला, जसे उष्ण–उण्ह–ऊन. शेवटचा ‘आ’ गळला, जसे जिह्वा–जिब्भा–जीभ.

तारा म्हणजे लेखी पुरावा नसलेले, तुलनेने ठरवलेले रूप. ही तुलना नेहमी जुन्यात जुन्या रूपांची करावी. एकट्या ‘सून’वरून ‘स्न’ कधीच हाती लागणार नाही. वैदिक स्नुषा, ग्रीक नुओस, लॅटिन नुरुस, जुनी इंग्रजी स्नोरु, रशियन स्नोखा. ग्रीक-लॅटिनमध्ये ‘न’आधीचा स् नियमाने जातो, म्हणून आरंभी ‘स्न’. मधल्या जागी ष, र, ख आणि ग्रीकमध्ये काहीच नाही, तरी मूळ ध्वनी एकच : स्. उकारानंतर तो संस्कृतात ष् आणि स्लाव्हिकमध्ये (रशियनच्या भाषागटात) ख् होतो. दोन स्वरांमध्ये लॅटिनमध्ये र् होतो, ग्रीकमध्ये गळतो. जुन्या इंग्रजीतला र् सर्वांत मोलाचा. कार्ल व्हर्नर यांनी १८७७ साली मांडलेल्या नियमानुसार जर्मानिकमध्ये (इंग्रजीच्या भाषागटात) स्-चा हा बदल मूळ आघात (उच्चारातला जोर) त्या स्-च्या आधीच्या स्वरावर नसेल तेव्हाच होतो. वैदिक आणि ग्रीक शब्दांत आघात खरोखरच शेवटच्या अक्षरावर आहे!

चूक होते ती शेवटाबाबत. ‘स्नुषा’ पाहून मूळही आकारान्त धरले जाते. पण ग्रीक ‘नुओस’ स्त्रीलिंगी असूनही पुल्लिंगी शब्दांसारखा चालतो, आर्मेनियन ‘नु’ही त्याच वळणाने चालतो. विचित्र रूप बदलून रुळलेल्या साच्यात बसवणे भाषांना सोपे. उलटे सहसा घडत नाही. म्हणून ‘-ओस्’ जुना, आणि संस्कृतातला ‘आ’ नंतरचा.

प्रश्न : सासरच्या इतर नात्यांचे काय?

उत्तर : सासू (श्वश्रू, लॅटिन सोक्रुस), दीर (देवृ, ग्रीक दाएर) आणि जाऊ (यातृ, लॅटिन यानित्रिकेस, म्हणजे जावा) तितक्याच जुन्या. नणंद मात्र संस्कृत ‘ननान्दृ’पर्यंतच नेता येते.