पाय कुठे टेकतोय ते बघ

जुळे सोलापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

माणसाच्या हालचालींच्या अ‍ॅनिमेशनमध्ये संशोधन करायचं तू मनावर घेतलंयस आणि घरच्यांना वाटतंय पोरगी कार्टून काढायला निघाली. त्यांना आधी एवढं सांग की चित्रं काढणारे कलाकार वेगळे. आपण गणित मांडतो, प्रोग्राम लिहितो आणि त्याच्या जोरावर पडद्यावरचा माणूस चालतो, अडखळतो, जिना चढतो. हेच काम व्हिडिओ गेममध्ये लागतं, सिनेमात लागतं, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची चाल तपासतात तिथे लागतं आणि आता दोन पायांच्या रोबोंनाही लागतं. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात नॉर्मन बॅडलर यांच्या गटाने ‘जॅक’ नावाचा संगणकातला माणूस घडवला. यंत्र तयार होण्याआधीच कामगाराचा हात बटणापर्यंत पोचतो का, कमरेवर ताण येतो का, हे त्याच्यावर तपासता यायचं. वडिलांना हे जरूर सांग. पॉवरलूमवर अख्खी पाळी उभं राहणाऱ्या माणसाला दुसरं काही समजावावं लागणार नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न. हालचाल तयार करणारं नवं एआय मॉडेल दर महिन्याला येतंय, मग सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर तुला फार साधं वाटेल: पाय जमिनीला टेकतो तिथून.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मोशन कॅप्चरचा, म्हणजे अंगावर मार्कर लावून कॅमेऱ्यांनी टिपलेल्या हालचालींचा, संग्रह फुकट मिळतो. त्यातल्या चालण्याची एखादी फाइल बीव्हीएच (सांगाडा आणि त्याची हालचाल साठवायच्या) स्वरूपात घे आणि चक्क साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघड. वर सांगाडा दिसेल: कंबर, कमरेला जोडलेली मांडी, मांडीखाली नडगी, मग पाऊल. त्याखाली नुसते आकडे. एक ओळ म्हणजे एक फ्रेम, सेकंदाला 120. कमरेपासून एकेका सांध्याचा कोन लावत खाली आलीस की पावलाची जागा मिळते. ही आकडेमोड स्वतः लिही, तयार लायब्ररी वापरू नकोस. मग डाव्या पावलाची उंची आणि वेग, दोन्हींचे आलेख एकाखाली एक काढ. माणूस रमतगमत चालतो तेव्हा प्रत्येक पाय साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर आणि 40 टक्के वेळ हवेत असतो. टेकलेल्या वेळात वेग शून्य यायला हवा. तो येत नाही. अंगावरचे मार्कर कातडीबरोबर सरकतात, सांगाड्याची मापं त्या माणसाच्या हाडांशी नेमकी जुळत नाहीत, त्यामुळे थोडा वेग शिल्लक राहतोच. तीच चाल एखाद्या बुटक्या पात्राला लावून बघ. फरशीवर तेल सांडल्यासारखं ते घसरत चालेल. याला आमच्यात फूटस्केट म्हणतात.

हे करताना कोनांची सरासरी काढायचा मोह होईल. 359 अंश आणि 1 अंश, दोन्ही जवळजवळ एकाच दिशेला. पण सरासरी काढलीस तर 180, म्हणजे तोंड थेट मागे. केन शूमेक यांनी 1985 मध्ये क्वाटर्नियन, म्हणजे वळण चार आकड्यांत मांडणाऱ्या संख्या, अ‍ॅनिमेशनमध्ये आणले ते वळणांची अशी भानगड निस्तरायलाच. क्वाटर्नियन हॅमिल्टन यांनी शोधले 1843 मध्ये, आपल्या धंद्यात यायला त्यांना जवळपास दीडशे वर्षं लागली. तेव्हा ‘हे गणित जुनं झालं’ असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस.

पाय जरासा सरकला तर कुणाला कळतंय, असं तू म्हणशील. कळतं गं. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी 1973 मध्ये दाखवून दिलं की अंधारात माणसाच्या सांध्यांवर लावलेले दहा-बारा दिवे एवढंच दिसत असलं, तरी तो माणूस चालतोय हे बघणारा क्षणात ओळखतो. चार वर्षांनी कटिंग आणि कोझलोव्स्की यांनी पाहिलं की नुसत्या अशा ठिपक्यांवरून लोक आपले मित्रही निव्वळ अंदाजापेक्षा जास्त वेळा ओळखतात. माणसाची चाल ओळखण्यात आपण सगळे जन्मभराचे तरबेज. चेहरा थोडा चुकला तर प्रेक्षक सांभाळून घेईल, वजन चुकलं की पात्र पोकळ वाटतं.

माझ्या मते या विषयाचा सगळा इतिहास म्हणजे त्या वजनाच्या मागे लागलेल्यांचा इतिहास आहे. 1988 मध्ये विटकिन आणि कास यांनी टेबलावरच्या एका दिव्याला भौतिकशास्त्राचे नियम पाळून उडी मारायला लावली. 1995 मध्ये जेसिका हॉजिन्स आणि सहकाऱ्यांनी पळणारे, सायकल चालवणारे, व्हॉल्ट मारणारे खेळाडू गणिती नियंत्रणावर उभे केले. हालचालीत जिवंतपणा कमी होता, पण वजन खरं होतं. मग मोशन कॅप्चर आलं. टिपलेल्या हालचालींचे तुकडे जोडून नवी हालचाल करायची पद्धत, मोशन ग्राफ, 2002 ची. गंमत म्हणजे त्या एकाच वर्षीच्या सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत जवळपास हीच कल्पना वेगवेगळ्या गटांनी मांडली आणि सगळ्यांचे निबंध छापून आले. कल्पना कुणी चोरेल म्हणून तू मला अर्धवटच लिहिलंयस, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. मोशन ग्राफवाल्या गटाने त्याच वर्षी घसरणारे पाय दुरुस्त करण्यावर वेगळा निबंध लिहिला. तुकडे जोडले की पाय सरकणारच. 2018 मध्ये डीपमाइमिक नावाच्या पद्धतीने भौतिकशास्त्र आणि टिपलेली हालचाल यांचं लग्न लावलं. आणि 2022 मध्ये वाक्यावरून हालचाल तयार करणारं डिफ्युजन मॉडेल (विस्कटलेल्या आकड्यांतून टप्प्याटप्प्याने हालचाल काढणारं) आलं, तर त्याच्या प्रशिक्षणासाठीसुद्धा पाऊल टेकलेलं असताना सरकलं तर दंड, अशी अट मांडली गेली. तंत्र पार बदललं, पाय मात्र तोच.

सोलापुरात बसून हे जमेल का, असं विचारलंस. महागडे कॅमेरे इथे नाहीत, ही अडचण खरी आहे आणि ती मी गोड करून सांगणार नाही. पण प्रसिद्ध संग्रहांत काय भरलंय ते बघ: घट्ट कपडे घातलेली माणसं सपाट फरशीवर चालतात, पळतात, नाचतात. मांडी घालून बसलेल्या माणसाचे पाय एकमेकांना झाकतात, मार्कर दिसेनासे होतात. नऊवारीतली चाल, विडी वळणारी बोटं, उकिडवं बसून भाकरी थापणारी बाई, हे सगळं त्यांना अवघड जातं. तुझ्या तर डोळ्यासमोर आहे.

आणि गड्डा, आपली सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज, म्हणजे त्या उंच काठ्या, निघतात तेव्हा सगळ्यांच्या माना वर असतात. यंदा तू काठी पेलणाऱ्याच्या पायांकडे बघ. चालणारा माणूस म्हणजे मुळात उलटा लंबक, पुढे पडता पडता पाऊल टाकून सावरणारा. इथे एका लंबकावर दुसरा, त्याहून कितीतरी उंच. काठी झुकली की तिचा तोल सावरायला पावलांना तिच्याखाली जावं लागतं, म्हणून पावलं छोटी पडतात. यात्रेच्या आधी सराव चालतो, तिथे जा. नवखा आणि मुरलेला, दोघांच्या पावलांतलं अंतर आणि वेळ मोज. साधा मोबाइल पुरेल, फक्त तो स्टँडवर पक्का लाव. आणि विचारल्याशिवाय कुणाचंही चित्रीकरण करू नकोस. चेहरा पुसला तरी चालीवरून माणूस ओळखू येतो, हे वर लिहिलंच आहे.

पैशाचं थोडक्यात. बी.टेक. झाल्यावर नोकरी धरायला माझी हरकत नाही, पुण्यात गेम स्टुडिओ आहेत. तिथे दोन-तीन वर्षं काढलीस तर निर्मितीत काय खरोखर अडतं ते कळेल, पण संशोधनाला सवड मिळेल या भरवशावर जाऊ नकोस. संशोधनच करायचं पक्कं असेल तर गेट ही प्रवेश परीक्षा दे. पीएच.डी.ला 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000 अशी शिष्यवृत्ती केंद्राने ठरवली आहे. घरी सांगताना आकडा सांग, त्याने चर्चा लवकर मिटते. मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावाआधी त्यांच्या विद्यार्थ्यांचे व्हिडिओ बघ, आवाज बंद करून, आणि पायांवर नजर ठेवून. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर. निबंध परत आला तर सर किती दिवसांनी भेटतात, हे त्यांनाच विचार.

एखाद्या कथक शिकवणाऱ्या बाईंशी किंवा तालमीतल्या वस्तादांशी ओळख वाढव. तुझा आलेख बघून ‘इथे भार डाव्या पायावर हवा’ हे ते जितक्या झटकन सांगतील, तितक्या झटकन आमच्यातला कुणी सांगणार नाही.

डाव्या पावलाचे दोन आलेख झाले की पाठव, कोडसकट; नुसते फोटो नकोत. पाऊल टेकलंय हे ठरवायला उंचीची मर्यादा किती धरलीस आणि तेवढीच का, तेही लिही. त्यावरच मी भांडणार आहे.

तुझा,
काका