बालवर्गातल्या मुलांना स्वतःची प्रगती कशी दाखवायची?

ताई, सुरुवातीला एकच धरा. दर महिन्याला प्रत्येक मुलाकडून माणसाचं एक चित्र काढून घ्या, मागे तारीख टाका, फाईलला लावा. तीन महिन्यांनी पहिला आणि ताजा कागद शेजारी ठेवून विचारा, "काय बदललं?" मग थांबा. इथे आपणच बोलून टाकतो! "आधी हात डोक्यातूनच निघायचे, आता बोटंपण आहेत," हे मूल स्वतःच सांगतं, आणि तो चेहरा बघण्यासारखा असतो.

हे टाळा:
- भिंतीवर सगळ्यांच्या नावांचा स्टारचा तक्ता. मुलं एकमेकांचे स्टार मोजत बसतात.
- एकदम पाच-सहा उद्दिष्टं. "मी बटण लावतो" एवढं एक पुरे.
- जुने कागद सुधारणं. उलटा आकडा तसाच राहू द्या.

श्रेणी, निरीक्षण-नोंदी नंतर बघू.