विहिरीत सापडलेला चमकदार दगड चांदीचा आहे का? किंमत कशी काढायची?

भाऊ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. तुम्ही लिहिलंय की यावलजवळच्या शेतातली विहीर खोल करताना सुरुंगानंतर मांजऱ्यात, म्हणजे पोकळ्यांच्या ठिसूळ खडकात, हा दगड निघाला, सोललेल्या नारळाएवढा आहे, वजन 2 किलो 400 ग्रॅम, आणि गावातला एक जण म्हणतो ही 'कच्ची चांदी' आहे, तपासणीचे पाच हजार आधी द्या. ते पैसे देऊ नका. नारळाएवढा चांदीचा गोळा साडेनऊ किलोच्या आसपास भरला असता. चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड असते. तुमचा दगड फार तर पावणेतीन पट, म्हणजे साध्या गारगोटीइतका.

माझ्यावर विश्वास नको, घरी करून बघा. दगड दोरीने काट्याला टांगून वजन घ्या, मग तसाच टांगलेला बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवा. बादलीच्या तळाला, काठाला टेकू देऊ नका. वजन जितके ग्रॅम कमी होईल तितके घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. 2,400 ग्रॅमची चोख चांदी पाण्यात सुमारे 230 ग्रॅमने हलकी होईल. गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, 320 ने. तुमचा दगड 900 ते 1,100 ग्रॅमने हलका होईल असं माझं म्हणणं आहे.

गॅलेनाचं नाव मुद्दाम घेतलं. जळगावात आमची आटणीची भट्टी, तिसरी पिढी. वर्षाला एखादा तरी माणूस गमछात गुंडाळून 'चांदीचा दगड' आणतो आणि तो बहुतेक वेळा गॅलेना असतो, कोणीतरी राजस्थानाकडून आणलेला. हातोडीचा हलका ठोका दिला की त्याचे चौकोनी ठोकळे सुटतात, साखरेच्या वडीसारखे. चांदी फुटत नाही, चेपते. बिनझिलईच्या पांढऱ्या फरशीवर घासला तर गॅलेनाची रेघ काळपट येते, चांदीची चमकदार पांढरी. राजस्थानातल्या शिसं-जस्ताच्या खाणींतून चांदी निघते हे खरं, पण ती खनिजात विरघळलेली असते, कारखान्यात वेगळी काढावी लागते. दगडात डोळ्यांना दिसत नाही.

डोळ्यांना दिसणारी, तारेसारखी किंवा फांदीसारखी चांदी जगात थोड्याच ठिकाणी मिळाली. नॉर्वेतल्या काँग्सबर्गला 1623 पासून सव्वातीनशेहून जास्त वर्षं खाण चालली, तिथल्या वळलेल्या तारा प्रसिद्ध आहेत. अमेरिकेत ॲस्पेनच्या स्मगलर खाणीतून 1894 मध्ये 800 किलोहून मोठा गोळा निघाला. आपला काळा पाषाण लाव्हाचा आहे म्हणून चांदी शक्यच नाही, असं मात्र म्हणू नका. मिशिगनच्या किविना द्वीपकल्पात तशाच जुन्या लाव्हाच्या पोकळ्यांत तांबं आणि चांदी एकाच तुकड्यात चिकटलेली मिळते. आपल्याकडच्या पोकळ्या भरल्या त्या दुसऱ्याच मालाने. त्याकडे येतो.

आता किंमत. मोठा गोळा असेल तर वजनावर किमान धातूचा भाव तरी धरता येतो. दगडात मिसळलेली चांदी असेल तर तीच पाण्याची युक्ती: 1 किलोचा नमुना पाण्यात 285 ग्रॅमने हलका झाला आणि बाकी दगड गारगोटी किंवा कॅल्साइट (चुनखडीचं खनिज) असेल, तर आत साधारण 305 ते 330 ग्रॅम चांदी आहे. पण संग्राहक चांदीचे पैसे देत नाहीत, तिच्या आकाराचे देतात. तार किती लांब, वळण अखंड आहे का, मूळ दगडावरच उभी आहे का, कुठल्या खाणीची, त्याची जुनी चिठ्ठी आहे का. अंगठ्याएवढी चांगली तार किलोभर ओबडधोबड गोळ्याला मागे टाकते. म्हणूनच नकलाही होतात. चांदीच्या गंधकी खनिजाला तापवलं की त्यावर तारा उगवतात, त्या खाणीतल्या म्हणून विकतात.

ही अक्कल मला फुकट आली नाही. बावीस वर्षांचा असताना एका गिऱ्हाइकाने भाच्याने नॉर्वेहून आणलेला तुकडा दिला: पांढऱ्या कॅल्साइटवर सुतळीएवढी काळवंडलेली तार. 'जरा उजळून दे.' आमच्याकडे काळी चांदी उजळायची म्हणजे पातळ तेजाब. वाटीत टाकला आणि दगड सोड्याच्या बाटलीसारखा फसफसला. कॅल्साइट म्हणजे चुनखडीच. दहा मिनिटांत तार तळाशी सुटी पडली, पांढरी शुभ्र. काट्यावर 11 ग्रॅम. एका संग्रहाच्या वस्तूची मी 11 ग्रॅम मोड करून दिली. वडील दोन दिवस बोलले नाहीत.

तेव्हा तुमच्या दगडाला तेजाब, चिंच, घासणी काही लावू नका. मोत्यासारखी चमक आणि पंख्यासारखे पापुद्रे लिहिलेत, त्यावरून स्टिलबाइट वाटतो, आपल्या लाव्हाच्या पोकळ्या भरणाऱ्या खनिजांपैकी एक. टोकदार, काचेसारखे चौकोनी खडे असतील तर ॲपोफिलाइट, तेही तसलंच खनिज. सावद्याच्या आसपासच्या खाणींतला हा माल जगभरच्या संग्रहांत 'जळगाव' अशी चिठ्ठी लावून बसलाय, आणि आपण गारगोट्या म्हणून तो रस्त्याच्या भरावात टाकतो. सिन्नरला गारगोटी संग्रहालयात एकदा जाऊन तुमच्या तुकड्याशी ताडून बघा. विकायचा विचार असेल तर आधी तलाठ्याला विचारा, कारण जमीन महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे जमिनीतल्या खनिजांवर हक्क सरकारचा आहे.

टोकं मोडलेली नसतील तर कापसात ठेवा, वर्तमानपत्रात नको, शाई लागते. आणि विहिरीचा मुरूम अजून बांधावरच पडला असेल तर ट्रॅक्टरवाल्याला दोन दिवस थांबवा.