काट्यावरचा माणूस आणि रविवार

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) वजनकाट्यावर असलेल्या वाचकाने लिहिलंय: ‘ताई, आम्ही ख्रिस्ती. “प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा” हे वचन धरून राबतो. कोणाचीही पाळी मागितली तरी मी नाही म्हणत नाही. सीझन लागल्यापासून रविवारची उपासना बुडतेय. मागे रात्रपाळी करून सकाळी पुन्हा काट्यावर बसलो, रिकाम्या ट्रॉलीचं वजन जास्त मांडलं, शेतकऱ्याचा क्विंटलभर कापूस कमी भरला. दुसऱ्या दिवशी मालकाला सांगून त्याची हिशेबाची पट्टी दुरुस्त केली. सोबतचे म्हणतात, “तू तं येशूचा माणूस, तुले कायची सुट्टी?” बायको म्हणते, “साऱ्यायले हो म्हनता, घरालेच नाही.” नाही म्हटलं तर माझी साक्ष बिघडेल का?’

भाऊ, तुमची साक्ष, म्हणजे वागण्यातून दिसणारी श्रद्धा, मला त्या दुरुस्त पट्टीत दिसली, रात्रपाळीत नाही. ती चूक कोणी पकडणार नव्हतं. शेतकरी गावी गेलेला, मालकाचा तर फायदाच. तरी तुम्ही बोललात. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असं बायबलमधली नीतिसूत्रं सांगतात. काट्यावर बसणाऱ्याइतकं ते कोणाला लागू पडेल? सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव उतरतो, १२ च्या वर गेला तर माल परत. त्यात वजनही गेलं तर शेतकऱ्याच्या हाती उरायचं काय?

पण ती चूक झाली कशाने? पाळी मागितली सोबत्याने, हो म्हणालात तुम्ही, आणि भुर्दंड बसत होता ज्याने काहीच मागितलं नव्हतं त्या शेतकऱ्याला. झोपेने डोळे मिटणारा माणूस काट्यावर भरवशाचा कसा? येशूनेच सांगितलंय, बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं. तुम्ही त्यातलं अर्धंच धरलंय.

तुमचं वचन बायबलमधल्या पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातलं, ३:२३. ते लिहिलं दासांना, पाळी नाकारायची त्यांना सोयच नव्हती. तुम्ही पगारी माणूस आहात. आणि लगेच पुढे, ४:१ मध्ये, पौल धन्यांनाही बजावतो की दासांशी न्यायाने वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. तिथवर वाचायचं बहुतेकांचं राहूनच जातं!

तेव्हा सोमवारीच मालकांना सांगा: रविवारी उपासना आटोपून दुपारी येईन, बाकी दिवस काटा माझा. रविवारी सकाळी फोन बंद ठेवणं, पोट दुखल्याचं सांगणं, असलं काही नको. सोबत्याच्या घरी अडचण असेल तर पाळी जरूर करा, पण बदल्यात त्याने तुमची करायची, हे आधीच ठरवून. अवकाळी पाऊस आला आणि कापसाच्या गंजी उघड्यावर असल्या, तर मात्र उपासनेतूनही उठून जा. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशीही, म्हणजे विसाव्याच्या दिवशीही, काढतातच, हेही येशूचंच म्हणणं.

जादा तासांचे पैसे मागायला लाजू नका. कारखान्यात त्याला दुप्पट मजुरी, हा कायदा आहे. हिशेब मात्र सीझन चालू असतानाच मागा. एकदा रेचे (सरकी काढायची यंत्रं) थांबले की दिवाणजींना वही सापडत नाही.

— ताई