वाचकांचे प्रश्न : एकाच कामाचा ट्रिगर

या वेळच्या टपालात जुन्या धाटणीच्या सिंगल अ‍ॅक्शन पिस्तुलांबद्दलची पत्रं बरीच होती, ती एकत्र घेतली आहेत. पुढे ‘घोडा’ म्हटलं की पिस्तुलाच्या मागे दिसणारा हॅमर समजावा आणि बोट पडतं तो ट्रिगर. घोडा चढवणं म्हणजे तो मागे ओढून अडकवणं. बोलण्यात दोन्हींना घोडाच म्हणतात, म्हणून हा खुलासा. गोळ्या चालवून बघायचं सोडलं, तर खालची प्रत्येक तपासणी रिकाम्या पिस्तुलावर करायची. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढायचं, मग स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे खेचून चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. क्रम उलटा झाला, तर स्लाईड सोडताना मॅगझिनमधलं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसतं.

प्रश्न : हल्लीच्या प्लॅस्टिक फ्रेमच्या पिस्तुलात सतरा काडतुसं बसतात, वजन कमी, घोडा चढवण्याची भानगड नाही. तरी काही मुरलेले नेमबाज ‘१९११’ हे अमेरिकी लष्कराचं जुनं पिस्तूल नाहीतर ब्राउनिंग हाय-पॉवर सोडायला तयार नसतात. ही नुसती जुन्याची हौस आहे का?

हौस असतेच, नाही कशाला म्हणायचं! पण खरं कारण ट्रिगरमध्ये आहे.

डबल अ‍ॅक्शन पिस्तुलात पहिल्या गोळीला तुमचं बोट दोन कामं करतं, घोडा मागे नेतं आणि मग सोडतं. त्यासाठी साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो आणि बोटाला लांबचा प्रवास करावा लागतो. दुसऱ्या गोळीपासून घोडा स्लाईडनेच चढवलेला असतो, त्यामुळे जोर एकदम दोन-अडीच किलोवर येतो. म्हणजे एकाच पिस्तुलात दोन वेगळे ट्रिगर. सराव करणाऱ्याला दोन्ही शिकावे लागतात आणि पहिली गोळी बहुतेकदा त्याचीच साक्ष देते. ग्लॉकसारख्या स्ट्रायकर पिस्तुलात (घोड्याऐवजी आत स्प्रिंगवर ताणलेली दांडी, तो स्ट्रायकर) प्रत्येक गोळीला ओढ सारखी असते, हा मोठा फायदा. पण स्ट्रायकर अर्धवट ताणलेला असतो आणि उरलेला ताण बोटच पुरा करतं, त्यामुळे ओढ थोडी रबरी लागते.

सिंगल अ‍ॅक्शनमध्ये घोडा आधीच चढलेला असतो. बोटाने फक्त सीअर नावाचा छोटा खटका घोड्याच्या दातांखालून सरकवायचा. ही पकड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते. चांगल्या १९११ मध्ये ट्रिगर थोडा मोकळा सरकतो, मग भिंत लागते, भिंतीवर जोर वाढवत नेला की काचेची काडी मोडावी तसा सुटतो आणि लगेच थांबतो. पुढच्या गोळीसाठी बोट दोनेक मिलिमीटर पुढे सोडलं की पुरतं. शिवाय १९११ चा ट्रिगर बिजागरीवर फिरत नाही, ड्रॉवरसारखा सरळ मागे जातो. बोट वर टेकवा की खाली, ओढ सारखीच लागते.

आता वजनांची तुलना करून बघा. पाच इंची बॅरलचं (नळीचं) पोलादी १९११ रिकाम्या मॅगझिनसह सुमारे १.१ किलो भरतं आणि नीट जमवलेला त्याचा ट्रिगर १.६ ते १.८ किलोला सुटतो. ग्लॉक १७ रिकाम्या मॅगझिनसह ७०० ग्रॅमच्या आसपास आणि ट्रिगर अडीच किलोच्या आसपास. पहिल्यात बोटाचा जोर पिस्तुलाच्या दीडपट, दुसऱ्यात साडेतीनपट. हलक्या वस्तूवर जड ओढ आली की ती वस्तू हलते, आणि ती हलू न देणं हे मनगटाला शिकवावं लागतं. १९११ वर नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साईटमधलं अंतर सुमारे १६५ मिलिमीटर असतं. गोळी सुटताना पुढची साईट अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी २५ मीटरवर फटका साडेसात सेंटिमीटर बाजूला पडतो. टार्गेटच्या मधल्या कड्या गमवायला तेवढं पुरतं.

मूठ हे दुसरं कारण. एकेरी रांगेच्या मॅगझिनमुळे १९११ ची मूठ चपटी असते. लहान हातालाही ती पूर्ण धरता येते आणि ट्रिगरवर बोटाचं पेर नीट पडतं. जाड मुठीच्या पिस्तुलावर आखूड बोटांचा नेमबाज ट्रिगर तिरका ओढतो आणि दोष मात्र साईटला देतो.

याची किंमतही मोजावी लागते. वजन कमरेला जाणवतं, १९११ मध्ये सात-आठच काडतुसं मावतात, पोलाद गंजतं, आणि भाग बाजारातून आणून बसवले की झालं असं होत नाही, कानशीने मिळवून बसवावे लागतात. ज्याला पिस्तूल साफ करायचा कंटाळा आहे, त्याने या वाटेला जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : घोडा पूर्ण चढवलेला, चेंबरमध्ये काडतूस आणि फक्त सेफ्टी लावलेली. असं पिस्तूल बघूनच धडकी भरते. हे सुरक्षित कसं?

धडकी भरते, कारण घोडा दिसतो. इतर पिस्तुलांत ताणलेली स्प्रिंग आत लपलेली असते एवढंच.

१९११ ची अंगठ्याची सेफ्टी वर केली की तिचा आतला भाग सीअरच्या मागे अडतो, सीअर हलूच शकत नाही. स्लाईडही बंद होते. मुठीमागची ग्रिप सेफ्टी वेगळी. ती तळव्याने दाबली नाही तर ट्रिगर मागे जात नाही. आधीच्या नमुन्यात नुसती ग्रिप सेफ्टी होती. अंगठ्याची सेफ्टी अमेरिकी घोडदळाच्या आग्रहाने आली. एका हातात लगाम असताना स्वाराला पिस्तुलाचा चढलेला घोडा एकाच हाताने निर्धोक करता यायला हवा होता. मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराने हे पिस्तूल स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटाचं पिस्तूल निवडेपर्यंत तेच अधिकृत राहिलं.

उरतो पिस्तूल नळीवर आपटण्याचा धोका. जुन्या रचनेत जोराच्या आदळण्याने फायरिंग पिन, म्हणजे काडतूस पेटवणारी खिळी, स्वतःच्या वजनाने पुढे जाऊन काडतुसाच्या टोपीवर बसू शकते. कोल्ट या उत्पादकाने १९८३ पासून आपल्या सीरीज ८० पिस्तुलांत पिनला अडवणारा खटका दिला. काही उत्पादक हलकी टायटॅनियमची पिन आणि कडक स्प्रिंग वापरून तेच साधतात. आपल्या पिस्तुलात यातलं काय आहे, हे मालकाला माहीत असायला हवं.

एक गोष्ट मात्र करू नका. भरलेल्या चेंबरवर अंगठ्याने घोडा हळूच खाली उतरवून ठेवणं हा ‘सुरक्षित’ उपाय नव्हे. त्यासाठी ट्रिगर ओढावाच लागतो आणि घामट अंगठा घसरला की गोळी सुटते. अर्ध्या चढावाची खाच हीसुद्धा सेफ्टी नाही. घोडा निसटलाच तर त्याला झेलायला ती आहे.

प्रश्न : माझं जुनं १९११ स्लाईड सोडल्यावर कधी कधी घोडा अर्ध्या चढावावर आणून ठेवतं. ट्रिगरला बोटही लागलेलं नसतं. काय बिघडलं असेल?

वापर आजच थांबवा. आज अर्ध्यावर थांबतो तो घोडा उद्या थांबला नाही, तर एका ओढीत दोन गोळ्या जातील.

स्लाईड पुढे आपटते तेव्हा सगळी यंत्रणा हादरते आणि सीअरची पकड निसटते. कारणं बहुधा तीन. सीअर स्प्रिंगच्या तीन पात्यांपैकी डावं पातं सीअरला दाबून धरतं, ते मऊ पडलेलं असतं किंवा ट्रिगर हलका करण्यासाठी कोणी वाकवलेलं असतं. दुसरं, घोड्याचे दात किंवा सीअरची धार झिजलेली किंवा हौसेने घासलेली असते. तिसरं कारण तुमच्या सवयीत असू शकतं. रिकाम्या चेंबरवर स्लाईड खटकन सोडण्याची सवय. भरताना काडतूस मॅगझिनमधून ओढण्यात स्लाईडचा वेग मोडतो. चेंबर रिकामं असेल तर सगळा दणका सीअरच्या धारेवर येतो. स्लाईड हाताने पुढे न्यावी.

दुरुस्तीला देण्याआधी या तपासण्या करून टिपून ठेवा, म्हणजे कारागिराचं काम निम्मं होतं. घोडा चढवून अंगठ्याने मागून पुढे जोरात ढकला, सुटता कामा नये. स्लाईड पाऊण सेंटिमीटर मागे धरून ट्रिगर ओढा आणि तो तसाच दाबून ठेवत स्लाईड पुढे जाऊ द्या. घोडा पडता कामा नये, ट्रिगर सोडून पुन्हा ओढल्यावरच पडावा. घोडा पुन्हा चढवा, मूठ तळवा न लावता दोन बोटांत धरून ट्रिगर ओढा, काहीही होता कामा नये.

शेवटची तपासणी कानाची. घोडा चढवा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात ओढून सोडा. सेफ्टी खाली करा. घोडा जागेवर राहिला म्हणून खूश होऊ नका. पिस्तूल कानाजवळ आणा आणि घोडा अंगठ्याने केसभर मागे घ्या. बारीकसा ‘टिक’ ऐकू आला, तर सेफ्टी लावलेली असतानाही सीअर थोडा सरकला होता आणि आत्ता जागेवर गेला. अशी सेफ्टी ढिली असते, बदलून नवी मिळवून बसवावी लागते. आवाज अजिबात आला नाही तर सेफ्टी चोख.

सीअर आणि दात घासणं घरी करू नका. अंश-दोन अंशांचा कोन चुकला की ट्रिगर पहिले काही दिवस लोण्यासारखा वाटतो आणि मग तुमच्या पत्रात लिहिलंय ते सुरू होतं.

प्रश्न : ट्रिगर किती हलका असावा?

कागदाला भोक पाडायचं की कमरेला लावायचं, यावर ठरतं. आंतरराष्ट्रीय २५ मीटर स्टँडर्ड आणि सेंटर फायर पिस्तूल प्रकारांत किमान १,००० ग्रॅम लागतात. अमेरिकी बुल्सआय नेमबाजीत पॉइंट ४५ (इंचांतला गोळीचा व्यास) च्या पिस्तुलाला साडेतीन पौंड, म्हणजे सुमारे १.६ किलो. कमरेला लावायच्या पिस्तुलात दोन किलोच्या आसपास ठेवावा, खाली उतरण्यात काही मिळत नाही. खरखरीत दीड किलोपेक्षा स्वच्छ सुटणारे दोन किलो केव्हाही बरे.

प्रश्न : हाय-पॉवरचा ट्रिगर १९११ इतका का जमत नाही? खरखरतो, आणि मॅगझिन बटण दाबून खाली पडतही नाही.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. १९३५ च्या या पिस्तुलात मॅगझिन सेफ्टी आहे. मॅगझिन काढलं की ट्रिगर काम करत नाही. त्यासाठी ट्रिगरमधली एक छोटी स्प्रिंगदार दांडी मॅगझिनच्या पुढच्या अंगाला टेकून असते. ट्रिगर ओढताना ती मॅगझिनच्या पत्र्यावर घासत वर-खाली होते, तीच खरखर तुमच्या बोटाला लागते. तिच्याच दाबामुळे मॅगझिन अडकून राहतं.

मॅगझिनच्या पुढच्या पत्र्यावर दांडी घासते ती रेघ दिसेल. तिथला रंग किंवा गंज काढून पत्रा गुळगुळीत करा, तेलाचा एक थेंब द्या, बराच फरक पडतो. दांडीचं टोकही कारागिराकडून चकचकीत करून घेता येतं. अनेक जण ती दांडीच काढून टाकतात. ट्रिगर सुधारतो यात शंका नाही, पण सुरक्षेची तरतूद काढलेलं पिस्तूल उद्या दुसऱ्याच्या हातात गेलं तर त्याला हे माहीत नसतं, म्हणून आम्ही तसा सल्ला देत नाही.

एवढं करूनही तो १९११ सारखा होणार नाही. हाय-पॉवरचा ट्रिगर बिजागरीवर फिरतो आणि त्याचा जोर स्लाईडमधल्या एका पट्टीमार्फत सीअरवर पोचतो. जितके सांधे जास्त, तितकी ओढ पसरते. मूठ मात्र हाय-पॉवरचीच घ्यावी! तेरा काडतुसांची दुहेरी रांग असून इतकी हातात बसणारी मूठ विरळाच.

प्रश्न : काडतूस चेंबरमध्ये चढताना तिरकं अडतं. रॅम्प (काडतूस चेंबरकडे नेणारा उतार) पॉलिश करू का?

थांबा. आधी दुसऱ्या मॅगझिनवर पन्नास काडतुसं चालवून बघा, निम्म्याहून अधिक वेळा दोष मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांत किंवा थकलेल्या स्प्रिंगमध्ये निघतो. मग रिकॉइल स्प्रिंग, स्लाईड परत पुढे आणणारी. पाच इंची पॉइंट ४५ ला १६ पौंडाची असते आणि दोन-तीन हजार गोळ्यांनंतर बदलावी. मग एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच (केस) ओढून काढणारा आकडा. स्लाईड उतरवून रिकामं केस त्याच्या आकड्याखाली सरकवा. हळू हलवल्यावर धरून राहावं, जोरात झटकल्यावर पडावं. अजिबात न पडणारं केस म्हणजे ताण जास्त, आणि तेव्हा काडतूस आकड्याखाली सरकायलाच अडतं. चेंबरमध्ये हाताने काडतूस टाकून वरून स्लाईड सोडण्याची सवय असेल तर मोडा. १९११ चा आकडा काडतुसाच्या काठाखालून सरकण्यासाठी आहे, काठावरून उडी मारण्यासाठी नाही.

रॅम्प शेवटी. फ्रेमचा उतार आणि बॅरलचा खालचा ओठ यांत सुमारे पाऊण मिलिमीटरची पायरी मुद्दाम ठेवलेली असते. उत्साहाच्या भरात पॉलिश करणारे नेमकी तीच घालवतात. उतार आरशासारखा होतो आणि जे काडतूस कधीमधी अडायचं ते रोज अडतं.

प्रश्न : जोडताना स्लाईड स्टॉपने (स्लाईड मागे अडवून धरणाऱ्या खटक्याने) फ्रेमवर कमानीसारखा ओरखडा काढला. पुढच्या वेळी कसा टाळू?

स्टॉपची दांडी खालून वर फिरवत बसवली की तिचं टोक स्प्रिंगच्या छोट्या खिळीपर्यंत पोचताना फ्रेमवर ती कमान ओढतं. आधी फ्रेमच्या भोकातून बघा, बॅरलखालच्या लिंकचं (हलणाऱ्या छोट्या सांध्याचं) छिद्र भोकाशी जुळलेलं असलं पाहिजे. स्लाईड छोट्या अर्धगोल खाचेपर्यंत आणा, स्टॉपची पिन बहुतेक आत घाला आणि दांडी फ्रेमला न टेकवता तिच्या जागेसमोर धरा. दांडी आणि फ्रेम यांच्यामध्ये जुनं प्लॅस्टिकचं कार्ड सरकवा. बारीक स्क्रूड्रायव्हरने खिळी आत दाबा आणि स्टॉप सरळ आत ढकला. खट् वाजलं की कार्ड ओढून घ्या.